‘चार्ज’ या एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेचे, न्यायालयाचे, सरकारी कार्यालयाचे किंवा कारखान्याचे इंग्रजी कागद मराठीत आणताना जे शब्द सर्वांत जास्त घोटाळा करतात, त्यांत ‘चार्ज’ या शब्दाचा क्रमांक फार वरचा आहे. त्याचा एक अर्थ पाठ असलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी हमखास अडखळतो. विद्यार्थी, नवे अनुवादक आणि कचेरीच्या कामात रोज हा शब्द हाताळणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

शुल्क, आरोप, हल्ला, वीज आणि जबाबदारी, इतके दूरदूरचे अर्थ एकाच शब्दाला कसे काय चिकटले?

हे अर्थ दिसतात तितके दूरचे नाहीत, कारण ते सारे एका गाडीतून उतरले आहेत. गॉल प्रदेशातील (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधील) लोकांच्या चाकांच्या गाडीचे नाव रोमन लोकांनी उचलले आणि लॅटिनमध्ये त्याचे ‘कॅरस’ झाले. पुढे गाडीत माल भरणे या अर्थाचे ‘कॅरिकारे’ हे क्रियापद तयार झाले, ते जुन्या फ्रेंचमधून फिरत फिरत तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत पोहोचले आणि ‘चार्ज’ बनले. त्याचा पहिला अर्थ ओझे लादणे एवढाच होता. जहाजातला ‘कार्गो’, उचलून नेणारे ‘कॅरी’, रस्त्यावरची ‘कार’ ही सगळी याच घराण्यातली भावंडे आहेत. व्यंगचित्राला इंग्रजीत ‘कॅरिकेचर’ म्हणतात, तो शब्दही इटालियन भाषेतल्या लादण्याच्या क्रियापदावरून आला आहे, कारण व्यंगचित्रकार एखाद्याच्या नाकावर किंवा मिशांवर गरजेपेक्षा जास्त वजन टाकतो.

ओझे एकदा मनात ठेवले की बाकीचे अर्थ आपोआप रांगेत उभे राहतात. माणसाच्या खांद्यावर कामाचे ओझे टाकले, तर तो कार्यभार होतो. गिऱ्हाइकावर किमतीचे ओझे टाकले, तर शुल्क होते, जमिनीवर कर्जाचे टाकले, तर बोजा होतो, आणि माणसाच्या माथी गुन्ह्याचे टाकले, तर दोषारोप होतो. बंदुकीत दारू ठासली, तर ती बंदूक भरलेली होते. हल्ल्याचा अर्थ मात्र या रांगेत जरा तिरका उभा आहे. हत्यार भरून, रोखून सज्ज करण्याला चार्ज म्हणत, आणि रोखलेल्या हत्यारासह शत्रूवर धावून जाण्यालाही सोळाव्या शतकात तेच नाव पडले.

मराठीत असा सगळीकडे पुरणारा एखादा शब्द आहे का?

जवळजवळ आहे, आणि तो म्हणजे ‘भार’. पदभार, कार्यभार, प्रभार, अधिभार, भारित, भारनियमन ही शब्दमालिका पाहिली, तर इंग्रजीत जे चार्जने केले, तेच आपल्याकडे भाराने किती दूरपर्यंत केले आहे, हे लक्षात येते. विजेच्या शास्त्रातही आपण प्रभारच म्हणतो. दोन भाषांत एकाच कल्पनेतून इतके सारखे फाटे फुटावेत, ही गोष्ट मला आजही थक्क करते. तरीही भार सर्वत्र चालत नाही. दुकानदार मालाच्या किमतीचा ‘भार’ मागत नाही आणि सरकारी वकील आरोपीवर ‘भार’ ठेवत नाही. म्हणून भार हा अर्थ समजून घेण्याची किल्ली आहे, प्रत्येक ठिकाणी बसवायचा प्रतिशब्द नव्हे.

एखाद्या वाक्यात चार्जचा नेमका कोणता अर्थ आहे, हे कसे ओळखावे?

शब्दकोशातला पहिला अर्थ उचलण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : येथे कोण, कशाचे ओझे, कोणावर टाकत आहे? बँक जमिनीवर टाकत आहे, न्यायालय आरोपीवर टाकत आहे, की वरिष्ठ अधिकारी कनिष्ठावर टाकत आहे, हे ठरले की मराठी शब्द बहुतेक वेळा स्वतःहून पुढे येतो.

दुसरी खूण म्हणजे चार्जच्या मागे येणारे छोटे इंग्रजी शब्द. त्याच्यामागे ‘विथ’ आले, तर बहुधा आरोप असतो किंवा एखादे काम सोपवलेले असते. ‘फॉर’ आले, तर पैसे असतात. ‘ॲट’ आले, तर कोणीतरी कोणाच्या अंगावर धावून जात असते. आणि ‘टू’ आले, तर रक्कम एखाद्याच्या खात्यात नावे टाकलेली असते. या शेवटच्या अर्थासाठी आपल्या दुकानदारी मराठीत ‘नावे टाकणे’ आणि ‘खात्यावर मांडणे’ हे चोख शब्द आधीपासून आहेत, त्यामुळे ‘खात्याला चार्ज करा’ असे लिहिण्याची काहीच गरज नाही.

पैशांच्या संदर्भात शुल्क म्हणावे, आकार म्हणावे, की फी?

हे शब्द एकमेकांच्या जागी सहज टाकता येतात असे वाटते, पण घरी येणारे विजेचे बिल हातात घेऊन पाहावे. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात, आणि त्यांच्या खाली ‘वीज शुल्क’ अशी एक वेगळी ओळ असते. वरचे सगळे आकार म्हणजे वीज पुरवण्याबद्दल आणि ती तारांतून घरापर्यंत आणण्याबद्दल लावलेले पैसे, म्हणजेच चार्जेस होत. खालचे वीज शुल्क मात्र राज्य सरकारचा कर आहे आणि इंग्रजी बिलात त्याला चार्ज नव्हे, तर ‘ड्यूटी’ म्हटलेले असते. बिलाच्या अनुवादात एखाद्याने ‘एनर्जी चार्ज’साठी ‘वीज शुल्क’ लिहिले, तर ग्राहकाची रक्कम एका खिशातून दुसऱ्या खिशात गेल्यासारखे होते. म्हणून वीज, पाणी यांसारख्या पुरवठ्याच्या बिलांत आकार हाच शब्द धरून चालावे. प्रवेश, परीक्षा, नोंदणी यांच्यासाठी शुल्क रूढ आहे, आणि वकील-डॉक्टरांच्या बाबतीत फी हा शब्द इतका मुरला आहे की तो बदलण्यात अर्थ नाही.

हॉटेलच्या बिलातल्या ‘सर्व्हिस चार्ज’बद्दलही असाच गोंधळ होतो. तो कर नाही. सेवा कर नावाचा जो कर होता, तो १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर त्यात विलीन झाला. सर्व्हिस चार्ज मात्र हॉटेलने स्वतः लावलेली रक्कम असते आणि ती ग्राहकाच्या मर्जीविना बिलात आपोआप घालू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या. त्याला ‘सेवा आकार’ म्हणावे आणि कराशी त्याची गल्लत होऊ देऊ नये.

या ठिकाणी मराठीच्या एका श्रीमंतीकडे आवर्जून लक्ष वेधावेसे वाटते. इंग्रजीत ज्याच्या त्याच्यामागे चार्ज हा शब्द जोडावा लागतो, तेथे मराठीत कामागणिक स्वतंत्र नाव आहे. सोनाराच्या ‘मेकिंग चार्जेस’ना घडणावळ म्हणतात, गिरणीवाला दळणावळ घेतो, शिंप्याची शिलाई असते, आणि बाजार समितीच्या पट्टीत शेतकऱ्याच्या रकमेतून हमाली आणि तोलाई वजा होते. ‘आवळ’ हा प्रत्यय लावून कुठल्याही कामाचा मोबदला सांगण्याची सोय आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. धुणावळ, शिवणावळ, एवढेच कशाला, खाणावळ या शब्दाच्या पोटातही तोच प्रत्यय आहे. सराफाच्या पावतीवर ‘बनवण्याचे शुल्क’ असे छापलेले दिसते, तेव्हा घडणावळ हा शब्द हाताशी असताना तो कोणालाच का आठवला नाही, याचे वाईट वाटते.

जमिनीच्या किंवा घराच्या कागदपत्रांत ‘चार्ज’ म्हणजे काय?

येथे चार्ज म्हणजे बोजा, आणि या एका शब्दाच्या चुकीने माणसाचे खरेच नुकसान होऊ शकते. मी नवा असताना माझ्याकडे एका कर्जाच्या नोटिशीचा अनुवाद आला होता. त्यात ‘मालमत्तेवर चार्ज निर्माण करण्यात आला आहे’ या अर्थाचे वाक्य होते आणि मी ‘मालमत्तेवर शुल्क आकारण्यात आले आहे’ असे लिहून दिले. ज्यांच्या जमिनीबद्दल ती नोटीस होती, ते गृहस्थ शुल्क किती भरायचे आणि कुठे भरायचे, हे विचारत बँकेत गेले. आपली जमीन कर्जाला अडकली आहे आणि ती मोकळी झाल्याशिवाय विकता येणे कठीण आहे, ही खरी बातमी त्यांना माझ्या कागदातून कळलीच नव्हती. तेव्हापासून अशा कागदात चार्ज दिसला की मी आधी सातबारा मागून घेतो.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात बँकेचे किंवा विकास सोसायटीचे नाव आणि कर्जाची रक्कम लिहिलेली असते. गावात त्याला बोजा चढवणे म्हणतात, आणि कर्ज फिटल्यावर बेबाकीचा दाखला देऊन फेरफाराने तो उतरवून घ्यावा लागतो. गंमत अशी की त्याच उताऱ्यावर ‘आकार’ नावाचाही एक रकाना असतो. पण तो जमीन महसुलाच्या आकारणीचा असतो आणि त्याचा बोजाशी काही संबंध नसतो. एकाच कागदावर चार्जचे दोन अर्थ दोन वेगळ्या मराठी शब्दांनी शेजारी शेजारी नांदत असतात.

कायद्याच्या दृष्टीने बोजा आणि गहाण यांत फरक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये गहाणाची आणि कलम १०० मध्ये चार्जची व्याख्या आहे. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध धनकोकडे हस्तांतरित होतो. चार्जमध्ये तसे हस्तांतर होत नाही, फक्त येणे रकमेसाठी ती मालमत्ता तारण म्हणून बांधली जाते. त्यामुळे दोन्ही शब्द एकाच दस्तऐवजात आले असतील, तर दोन्हींसाठी ‘गहाण’ लिहू नये. कंपन्यांच्या बाबतीत असा बोजा निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत तो कंपनी निबंधकाकडे नोंदवावा, असे कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ७७ मध्ये सांगितले आहे.

अर्थसंकल्पात ‘चार्ज्ड’ खर्च म्हणजे कोणी लावलेला खर्च?

तो कोणी लावलेला खर्च नसून निधीवर भारित असलेला खर्च होय. राष्ट्रपती, लोकसभेचे अध्यक्ष, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांची वेतने, सरकारी कर्जावरचे व्याज, न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे द्यावयाची रक्कम असे काही खर्च संविधानाच्या अनुच्छेद ११२ ने भारताच्या एकत्रित निधीवरच टाकले आहेत. संसदेत त्यांवर चर्चा करता येते, पण मतदान होत नाही. राज्यासाठी अशीच तरतूद अनुच्छेद २०२ मध्ये आहे. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत मतदानाने मंजूर होणाऱ्या खर्चाला ‘दत्तमत’ आणि मतदानाला न जाणाऱ्या या खर्चाला ‘भारित’ अशी नावे आहेत. न्यायाधीशांचे वेतन दरवर्षी बहुमताच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, म्हणून त्याचे ओझे थेट तिजोरीवर ठेवले आहे, हे लक्षात घेतले की ‘भारित’ हा शब्द किती अचूक आहे हे पटते.

चार्जशीट दाखल झाले म्हणजे चार्ज ठरला, असे म्हणता येईल का?

येत नाही, आणि बातम्यांमध्ये सर्वांत जास्त गल्लत याच ठिकाणी होते. चार्जशीट पोलिसांचे असते. तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयाला जो अहवाल देतात, त्याला मराठीत दोषारोपपत्र किंवा बोलण्यात आरोपपत्र म्हणतात. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली दाखल होतो, त्याआधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली दाखल होत असे. आरोपी कोठडीत असताना ते गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दाखल झाले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो.

चार्ज मात्र न्यायालयाचा असतो. न्यायाधीश कागदपत्रे पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि कोणत्या कलमाखाली खटला चालवण्याजोगे कारण आहे हे ठरवून दोषारोप लिहितात. तो आरोपीला वाचून दाखवतात, समजावून सांगतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. याला दोषारोप निश्चित करणे म्हणतात. पोलिसांनी पाच कलमे लावली असली, तरी न्यायालय त्यांतल्या दोनच कलमांखाली दोषारोप निश्चित करू शकते, किंवा आरोपीला त्या टप्प्यावर सोडूनही देऊ शकते. म्हणून पोलिसांच्या कागदासाठी ‘दोषारोपपत्र दाखल झाले’ आणि न्यायालयाच्या कृतीसाठी ‘दोषारोप निश्चित झाले’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग कटाक्षाने पाळावेत. अजून ज्याच्यावर दोषारोपही ठरलेला नाही, त्या माणसाच्या अब्रूचा हा प्रश्न असतो.

जुन्या खटल्यांच्या वर्णनात ‘न्यायाधीशांनी ज्यूरीला चार्ज दिला’ असे वाचले. न्यायाधीशांनी ज्यूरीवरच आरोप ठेवला का?

नाही. ज्यूरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ. येथे चार्ज म्हणजे खटला ऐकून झाल्यावर न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेले मार्गदर्शन : पुराव्याचा गोषवारा, कायदा काय म्हणतो आणि सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर आहे हे सांगून निर्णयाचे ओझे ज्यूरीवर सोपवणे.

मुंबईतला १९५९ चा नानावटी खटला या अर्थासाठी आदर्श उदाहरण आहे, कारण त्यात शब्दाचे दोन अर्थ एकाच निकालपत्रात भेटतात. नौदलाचे अधिकारी कावस नानावटी यांच्यावर दोषारोप होता तो खुनाचा, भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खालचा, आणि पर्यायी दोषारोप कलम ३०४ खालचा. हा पहिला चार्ज. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय मान्य होण्याजोगा वाटला नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे युक्तिवादाचा एक मोठा भाग याच गोष्टीवर झाला की सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातच चुका होत्या. हा दुसरा चार्ज. उच्च न्यायालयाने त्या चुका मान्य करून नानावटींना खुनाबद्दल दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये तो निर्णय कायम केला. निकालपत्र वाचताना प्रत्येक चार्जला ‘आरोप’ म्हणणाऱ्या वाचकाला त्यातला अर्धा युक्तिवाद समजणारच नाही.

मग ‘डिस्चार्ज’ म्हणजे नेहमी सुटकाच का?

मूळ कल्पना ओझे उतरवण्याची आहे. पण उतरते काय, यावर मराठी शब्द ठरतो. खटल्यात दोषारोप निश्चित होण्याआधीच आरोपीला सोडले, तर ती दोषमुक्ती, आणि पूर्ण सुनावणी होऊन सुटका झाली, तर ती निर्दोष मुक्तता. हा फरक वरवरचा नाही, कारण निर्दोष मुक्तता झालेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, दोषमुक्तीला मात्र ते संरक्षण नाही. रुग्णालयातून रुग्णाला घरी सोडतात. धरणातून विसर्ग होतो, आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेच्या पात्रात किती क्युसेक विसर्ग सोडला, याकडे नदीकाठचे पुणेकर कान लावून बसलेले असतात. जखमेतून किंवा शरीरातून होतो तो स्राव. कर्ज फेडले जाते आणि कर्तव्य पार पाडले जाते. एकाच इंग्रजी शब्दासाठी मराठीने किती शब्द तयार ठेवले आहेत, हे येथे मोजावे.

कार्यालयातल्या ‘इन्चार्ज’ला मराठीत काय म्हणावे?

प्रभारी, कार्यभार सांभाळणारा, प्रमुख यांपैकी प्रसंगाला शोभेल ते. पदावर रुजू होणे म्हणजे पदभार स्वीकारणे. स्वतःच्या कामाबरोबर दुसऱ्याचेही पाहावे लागले, तर तो अतिरिक्त कार्यभार. प्रभारी या शब्दाबद्दल एक सावधगिरी बाळगावी. सरकारी वापरात ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हणजे नियमित नेमणूक होईपर्यंत काम पाहणारे, त्यामुळे कायम नेमणुकीच्या प्रमुखाला प्रभारी म्हटले, तर त्यांचा दर्जा नकळत कमी होतो. सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डच्या ‘इन्चार्ज सिस्टर’साठी परिसेविका हा पदनामाचा शब्द आहेच, तरी वॉर्डात सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात आणि त्यात काही गैर नाही.

इंग्रजी व्याकरणातली एक खाच येथे सांगायलाच हवी. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा, आणि मध्ये ‘द’ घालून ‘इन द चार्ज ऑफ’ केले की तो सांभाळला जाणारा. पहिल्या वाक्यात बाई मुलांना सांभाळतात, दुसऱ्यात मुले बाईंच्या हवाली असतात. एका अक्षराएवढ्या शब्दाने घराची सत्ता उलटते.

मोबाइल ‘चार्ज’ करतो, तेव्हा त्यात विद्युतप्रभार भरला जातो का?

भाषा तसे सुचवते, पण तसे होत नाही. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या एका टोकातून जितके इलेक्ट्रॉन आत जातात, तितकेच दुसऱ्या टोकातून बाहेर पडतात. बॅटरीवरचा एकूण प्रभार शून्यच राहतो. लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि रासायनिक रूपात ऊर्जा साठते. फोन वापरताना तेच आयन परत फिरतात. बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ती पूर्ण रिकामी होईपर्यंत तारेतून १८,००० कुलोम (कुलोम हे प्रभाराचे एकक) प्रभार वाहून जाईल एवढाच आहे.

मग हा शब्द विजेच्या वाट्याला आला कसा? १७४५-४६ च्या सुमारास वीज साठवणारी काचेची बरणी तयार झाली आणि लायडन शहरावरून तिला नाव पडले. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी तिच्यावर प्रयोग केले. वीज हा पदार्थात कमीजास्त असणारा एक प्रवाही पदार्थ आहे, अशी त्यांची कल्पना होती. जास्त असला तर धन, कमी पडला तर ऋण. बंदुकीत दारू भरावी तशी बरणीत वीज भरली जाते, म्हणून त्यांनी चार्ज हा शब्द वापरला, आणि अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या, तेव्हा त्या मांडणीला तोफांच्या रांगेचे ‘बॅटरी’ हे नाव दिले. आज प्रवाही पदार्थाची कल्पना मागे पडली आहे. इलेक्ट्रॉनवरचा प्रभार इतका मूलभूत मानला जातो की मे २०१९ पासून त्याच्या मूल्यावरच अँपिअर या विद्युतप्रवाहाच्या एककाची व्याख्या बेतली आहे. तरीही आपल्या रोजच्या दोन शब्दांत, चार्ज आणि बॅटरी यांत, तोफखान्याचा वास उरला आहे.

हल्ल्याच्या अर्थी चार्जला मराठीत काय म्हणावे?

चाल करून जाणे, तुटून पडणे, मुसंडी मारणे. घोडदळ असेल, तर घोडदळाने चाल केली असे म्हणावे. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे सुमारे ६७० ब्रिटिश घोडेस्वार चुकीच्या समजुतीतून रशियन तोफांवर चालून गेले, ती चाल इंग्रजी वाचकांच्या मनात या शब्दाशी कायमची जोडली गेली आहे. आपल्याकडे आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांवर इंग्रजांच्या घोडदळाने अशीच चाल केली होती.

‘लाठीचार्ज’ हा शब्द निम्मा आपला आणि निम्मा इंग्रजी आहे. लाठीमार किंवा लाठीहल्ला हे शब्द अधिक स्पष्ट आहेत आणि मला तेच योग्य वाटतात, कारण त्यांत काय घडले ते दिसते. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरमध्ये सायमन आयोगाविरुद्धच्या मोर्चावर जे झाले आणि ज्यात जखमी झालेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबरला निवर्तले, त्याला लाठीमार म्हणताना मार हा अर्थ झाकला जात नाही.

‘रिचार्ज’ फक्त मोबाइलचाच असतो का?

नाही. भूजलाच्या संदर्भात त्याला पुनर्भरण म्हणतात, आणि हा शब्द आता खेडोपाडी रुळला आहे. छपरावरचे किंवा शेतातले पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडले, की ते विहीर पुनर्भरण. मोबाइलसाठी रिचार्जच राहू द्यावे.

‘चार्ज्ड वातावरण’ हे ‘भारलेले वातावरण’ म्हणता येईल का?

कधी येईल, कधी नाही. मराठीत ‘भारणे’ म्हणजे मंत्र घालून शक्ती भरणे, आणि त्यामुळे भारलेल्या वातावरणात मोहिनीचा, भक्तीचा किंवा उत्साहाचा भाव असतो. कीर्तन रंगलेले असताना मंडप भारलेला असतो. दोन गटांत दगडफेकीची भीती असताना मात्र वातावरण भारलेले नसते, तणावाचे असते. इंग्रजी शब्द दोन्ही ठिकाणी तोच असला, तरी मराठी वाचकाचा कान फसत नाही.

जुन्या इंग्रजीत ‘चार्जर’ म्हणजे काय? आणि कारखान्यातला ‘चार्ज’?

जुन्या पुस्तकांतला चार्जर दोन प्रकारचा असतो : लढाईतला घोडा किंवा मोठे तबक. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर ‘चार्जर’मध्ये मागितले आहे, ते तबक होय.

कारखान्यात भट्टीत एका वेळी घातला जाणारा माल म्हणजे चार्ज. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवणाऱ्या कपोला भट्टीत कच्चे बीड, भंगार, कोक आणि चुनखडी यांचे थर देतात, त्या भरण्याला कोल्हापूरच्या फाउंड्रीतही चार्जच म्हणतात. लिहिताना मराठीच शब्द हवा असेल, तर स्वयंपाकघरात तो आहे : कढईत एका वेळी तळायला सोडलेल्या पुऱ्यांना आपण घाणा म्हणतो, आणि भट्टीचा चार्ज म्हणजे घाणाच.

मराठीत बोलताना सरळ ‘चार्ज’ म्हटले, तर बिघडते कुठे?

बोलण्यात काही बिघडत नाही, कारण आपण त्याच्यापुढे मराठी क्रियापद लावून अर्थ आधीच वेगळा केलेला असतो. साहेबांनी चार्ज घेतला, जुन्या साहेबांनी चार्ज दिला, दुकानदाराने जास्त चार्ज लावला, पोलिसांनी चार्ज ठेवला, फोन चार्ज केला किंवा फोन चार्जिंगला लावला. या वाक्यांत कोणाचाही घोटाळा होत नाही. लिखाणात मात्र ही सोय पुरत नाही, कारण कागद वाचणारा माणूस समोर नसतो आणि त्याला उलट विचारता येत नाही. ज्या कागदावर कोणाची जमीन, नोकरी किंवा अब्रू अवलंबून आहे, तेथे बोजा, कार्यभार, दोषारोप, आकार यांपैकी जो असेल तो शब्द पूर्ण लिहावा. बिलातल्या इंग्रजी ओळीखाली मराठी ओळ असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून एकदा वाचाव्यात. अशी एक चूक सापडली, तरी त्या बिलाच्या हजारो वाचकांचा फायदा होतो.